फिलूमायचा वरवंटा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ते सांगायला उरले नाहीत. एवढंच सांगतो, की तेव्हा खाडी आजच्यापेक्षा रुंद होती आणि माणसं मात्र आजच्यासारखीच होती.

त्या खाडीच्या काठाला एक गाव होतं. चाळीस उंबरे, केळीच्या बागा, पानवेलींचे मळे आणि मधोमध चुन्याने रंगवलेलं पांढरं चर्च. गाव ख्रिस्ती होतं, भाविक होतं, आणि आपण भाविक आहोत याचा त्याला फार अभिमान होता. भक्तीच्या अंगणात अभिमान कसा उगवतो देव जाणे, पण उगवतो खरा.

या गावाची एक रीत होती. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. त्याच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, सगळं गाव फादरांकडे पापनिवेदनाला जाई. जाताना प्रत्येकाने वर्षभरात केलेल्या पापांचे दगड सोबत न्यायचे. मोठं पाप असेल तर मोठा दगड, लहान असेल तर लहान खडा. फादरांपुढे पाप सांगायचं, क्षमा मागायची, आणि बाहेर येऊन चर्चमागच्या उंडीच्या झाडाखाली तो दगड टाकायचा. मग हात झटकून, हलकं होऊन घरी जायचं.

खापरपणजोबांच्या काळापासून टाकलेल्या या दगडांचा झाडाखाली छातीएवढा उंच ढीग झाला होता. तळाशी धोंडे होते. जुन्या काळी गावात म्हणे दारुडे होते, चोर होते, एकाने तर भावाचं डोकं फोडलं होतं. त्याचा धोंडा दोघांनी मिळून आणला होता. पण पिढ्या बदलल्या तसं गाव सुधारत गेलं. ढिगात वर वर येताना दगड लहान होत गेले, आणि माथ्यावर तर चिंचोक्याएवढे खडेच होते.

कुणाकडे पाहुणा आला, की त्याला चहापाण्याआधी तो ढीग दाखवत. "बघा, वरती कसा बारीक होत गेलाय!" असं म्हणून यजमान मिशीला पीळ देई. एका सुनेचा खडा इतका बारीक होता, की रुमालाची गाठ सोडताना तो हरवलाच. त्यावर ती इतकी चिडली, की रागावल्याबद्दल दुसरा खडा आणावा लागला.

या सगळ्यांत लहान खडा असे तो फिलूमायचा.

फिलूमाय सत्तरीची होती. गावातल्या निम्म्या बाळांना बाप्तिस्म्याच्या वेळी तिने हातांवर धरलं होतं. कुणाला वाकडं बोलणं नाही, कुणाच्या झाडाचं फळ तोडणं नाही. रोज ओसरीवर बसून ती माळ जपे. दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे, सावकाश, एकही शब्द न गाळता. तिच्या ओसरीवरून सगळी खाडी दिसे.

आता खाडीकडे या. गावाच्या टोकाला, खारजमिनीवर, मीठ पिकवणाऱ्यांच्या सात झोपड्या होत्या. ते गावाच्या धर्माचे नव्हते, गावाच्या पंगतीचेही नव्हते; पण गावाच्या प्रत्येक घरातलं मीठ त्यांच्याच हातचं होतं. त्यांच्या भोवती पाणीच पाणी, आणि प्यायला थेंब नाही. गोडं पाणी होतं ते गावच्या बावखलात. बावखल म्हणजे बागांमधलं मोठं तळं. ते सगळ्यांचं होतं. कुणाच्या आजोबांनी खणलं तेही कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे त्यावरून भांडणही नव्हतं.

बावखलाकडे जाणारी वाट मात्र दुमिंगच्या केळीच्या बागेला लागून, एका मातीच्या बांधावरून जाई. दुमिंग हा गावातला मातब्बर बागायतदार. चर्चमधल्या प्रत्येक सणाच्या मेणबत्त्या त्याच्याकडून येत. त्या वर्षी भातकापणी झाली आणि दुमिंगने त्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

"त्यांच्या येण्याजाण्याने माझा बांध फुटतो," तो म्हणाला. गावातल्या लोकांसाठी त्याने कुंपणाला एक झापड, म्हणजे काट्यांचंच उघडमिट होणारं दार, ठेवली होती. झोपड्यांतल्या लोकांसाठी ती उघडत नसे.

गाव हळहळलं. "असं करायला नको होतं," पानाच्या मळ्यात एक जण म्हणाला. "पण त्याची जागा, त्याची मर्जी," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने पान तोडून तोंडात घातलं, म्हणजे त्याला बोलायला नको. झालं. विषय संपला.

झोपड्यांतल्या बायकांपुढे आता एकच मार्ग उरला. ओहोटीला खाडी उतरायची, गुडघाभर चिखलातून पलीकडे जायचं, टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावर भांडी भरायची आणि भरती चढायच्या आत परत यायचं.

त्यांत सुकरी नावाची एक बाई होती. पोटुशी होती. नवरा दिवसभर मिठागरात राबे, म्हणून पाणी तिच्याच वाट्याला आलेलं.

फिलूमाय ओसरीवरून तिला रोज बघे. डोक्यावर दोन भांडी, एक हात पोटावर, एक हात तोल सावरायला. बघून म्हातारीचा जीव कळवळे. खोटं सांगत नाही, खरंच कळवळे. ती काय करी? तिच्यासाठी माळ जपे. सुकरी चिखलात पाय घाली तेव्हा पहिला मणी, आणि या काठाला लागली की शेवटचा. ओहोटीची वेळ रोज थोडी सरकते, तशी फिलूमायच्या माळेची वेळही सरकू लागली. सून म्हणाली, "हल्ली तुमची माळ कधी सकाळी, कधी दुपारी?"

"पोरीला सोबत करते गं," फिलूमाय म्हणे.

सोबत! शंभर पावलांवरून, सावलीत बसून, सुकरीला पत्ताही नसलेली सोबत. मी फिलूमायला हसत नाही. अशी सोबत मीही पुष्कळांना केली आहे.

ईस्टरला दहा-बारा दिवस उरले होते. त्या दुपारी सुकरी पलीकडून निघाली. फिलूमायचा चौथा टप्पा झाला तेव्हा ती खाडीच्या मधोमध होती. पाचवा टप्पा झाला. माळ संपली. फिलूमायने कपाळाला क्रूस लावला आणि मान वर केली, तर सुकरी तिथेच उभी. पाय मांडीपर्यंत रुतलेले. एक भांडं कलंडलेलं. आणि खाली, खाडीच्या तोंडाकडून, भरतीचं पाणी चमकत वर येत होतं.

फिलूमायच्या मनात आलं, ओरडावं. मग आलं, धक्क्यावर नावाडी बसलाय, त्याला दिसलंच असेल. आपण बाई माणूस, म्हातारं माणूस, आपल्या हाकेला कोण येणार? आणि दुमिंगच्या कानावर गेलं तर तो म्हणेल, माय मलाच बोल लावते. ती उठली, पुन्हा बसली.

आणि तिने दुसरी माळ सुरू केली.

सुकरी मेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुमचा जीव उगाच टांगणीला नको. तिने दुसरं भांडंही सोडलं आणि जवळच्या तिवराच्या झाडाला मिठी मारली. पाणी छातीला लागलं तेव्हा मिठागरातून परतणाऱ्या तिच्या नवऱ्याने तिची हाक ऐकली. फळी टाकून चार माणसांनी तिला ओढून काढलं. पण तिला ताप भरला. सुईणीने पोटाला हात लावून सांगितलं, "मूल हाय अजून. पन हिला उठू देऊ नका, आनि गोडं पानी भरपूर पाजा. खाऱ्यावर ही दोघं तगायची नायत."

गोडं पाणी! भांडी खाडीत गेलेली, वाट काट्यांनी अडवलेली. नवरा काम सोडून ओहोटीला जाई आणि एक मडकं आणी. ते सात झोपड्यांत वाटलं जाई. तिकडे बावखलात गावाच्या म्हशी डुंबत होत्या.

बुधवार आला. सगळं गाव चर्चच्या ओट्यावर रांगेत उभं राहिलं. प्रत्येकाच्या मुठीत आपापला खडा. फिलूमायचा नंबर आला. ती लाकडी जाळीपुढे गुडघ्यांवर बसली. पलीकडे फादर होते.

"फादर, यंदा मी खडा आणला नाही. यंदा मी काहीच केलं नाही."

"मग देवाचे आभार मान, माय, आणि सुखाने घरी जा."

पण फिलूमाय उठेना.

"तेच सांगायला आलेय, फादर," ती म्हणाली. "ती बुडत होती आणि मी काहीच केलं नाही. त्याआधी चार महिने ती रोज चिखलातून जात होती, तेव्हाही काहीच केलं नाही. नुसती बघत बसले. वरून माळ जपत बसले. हे पाप आहे का, फादर? दहा आज्ञांत कुठे बसतं हे? मी बोटांवर मोजून बघितलं, मला सापडलं नाही. पण सात रात्री झोप नाही."



"ती बुडत असताना तुला ओरडता येत होतं?" फादरांनी विचारलं.

"येत होतं."

"त्याआधी दुमिंगला चार शब्द सांगता येत होते?"

"मला नाही तर कुणाला? त्याची धर्ममाता आहे मी."

"तर मग तुझं तुलाच कळलंय, माय. देव क्षमा करतो, ती मी त्याच्या नावाने देतो. पण प्रायश्चित्त म्हणून माळ सांगणार नाही. माळा पुष्कळ झाल्या. जितकं जड वाटतंय तितका दगड आण, आणि मग जे राहिलंय ते कर."

फिलूमाय घरी गेली. स्वयंपाकघरात पाट्यावर वरवंटा होता, तिच्या सासूच्या सासूचा, काळाकुळकुळीत. तो तिने दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

सून धावत आली. "अहो सासूबाई, वरवंटा कुठे चालवलात? चटणी कशाने वाटू?"

"उपवास आहे. चटणी नको," फिलूमाय म्हणाली आणि चालू लागली.

भर रस्त्यातून सत्तरीची म्हातारी वरवंटा छातीशी धरून, थांबत, धापा टाकत चर्चकडे निघाली. गाव थक्क! ज्यांचे खडे टाकून झाले होते तेही मागे फिरले. फिलूमायने उंडीखाली जाऊन ढिगाच्या माथ्यावर, त्या चिंचोक्याएवढ्या खड्यांवर, वरवंटा ठेवला. खडे घरंगळले.

मग काय विचारता! "काय केलं असेल हो मायने?" "तरुणपणातलं काही असेल." "नाहीतर सुनेचे दागिने लपवले असतील." सून तिथेच होती, तिने नकळत गळा चाचपला.

फादर चर्चच्या पायरीवर येऊन उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना एक अक्षरही बोलता येत नव्हतं. पापनिवेदनात ऐकलेलं फादरांच्या ओठांबाहेर पडत नाही. मान कापली तरी नाही. ते तसेच उभे राहिले.

फिलूमायच वळली. "कशाला तर्क करता? सांगते ना. मी काहीच केलं नाही. सुकरी चिखलात रुतली, पाणी चढत होतं, मी बघत होते. हा त्याचा दगड."

मग गावचा पाटील हसला. मनाने वाईट नव्हता तो, पण त्याला सगळं सरळ रेषेत लागे.

"माय, केलेल्याचं पाप असतं. न केलेल्याचं कसलं? असं धरलं तर जगात कुठे कुठे अन्याय चाललाय, सगळ्याचे दगड आपणच वाहायचे? डोंगर होईल इथे!"

"खरंय," चार-पाच जण म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं.

आता फादर पायऱ्या उतरले. चर्चच्या भिंतीला टेकून एक पायरीचा दगड पडला होता. तो त्यांनी उचलला. झगा मळला. दगड नेऊन त्यांनी वरवंट्याशेजारी ठेवला.

"हा माझा," ते म्हणाले. "त्या दुपारी मी आतल्या खोलीत झावळ्यांच्या रविवारासाठी झावळ्या निवडत होतो. खिडकीतून ती दिसली. वारा येतो म्हणून मी खिडकी लावून घेतली. वारा नव्हता. आणि कुंपण घातलं त्या दिवसापासून मी गप्प आहे, कारण वेदीवरच्या मेणबत्त्या दुमिंगच्या आहेत." मग ते पाटलाकडे वळले. "पाटील, साऱ्या जगाचे दगड देव आपल्याकडे मागत नाही. जे आपल्याला ठाऊक नाही, जिथे आपला हात पोचत नाही, ते आपल्या माथी नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं, जिथे हात पोचत होता, आणि तो हात आपण खिशात ठेवला, ते आपलं. या ढिगात ते दगड कधी आलेच नाहीत. म्हणून तर ढीग वर इतका बारीक दिसतो."

गर्दीतून धक्क्यावरचा नावाडी पुढे आला. त्याची मान खाली होती. "मला दिसली होती. मला वाटलं, ओसरीवर माय आहे, ती कुणाला तरी हाक मारेल." तो दगड शोधायला गेला. मागोमाग नारळ पाडणारा म्हणाला, "मी माडावर होतो. मला तर सगळंच दिसत होतं. वाटलं, मी उतरेपर्यंत कोणीतरी पोचेलच." एका बाईने आपल्या हातातला चिंचोक्याएवढा खडा बघितला, टाकून दिला आणि दोन्ही हातांत मावेल असा धोंडा घेऊन आली. पाटील मात्र बराच वेळ उभा होता. मग तोही गेला, आणि आला तेव्हा घामाने निथळत होता.

त्या दिवशी ढीग हातभर वाढला. खापरपणजोबांच्या काळानंतर पहिल्यांदाच त्याच्या माथ्यावर धोंडे आले.

इथे गोष्ट संपवली असती तर गाव रडून, मोकळं होऊन घरी गेलं असतं आणि सुकरी तहानेने मेली असती. रडण्याने मन हलकं होतं. मडकं भरत नाही. फिलूमायला हे कळलं होतं. तिने घरी जाऊन कळशी घेतली आणि ती थेट दुमिंगच्या कुंपणाशी गेली. सगळं गाव मागोमाग.

दुमिंग झापडीशी उभा होता. चर्चमागे काय झालं ते त्याच्या कानावर आलं होतं.

"माय, तू ये. तुला कोण अडवतो? पण ते पाणी तिकडे न्यायचं नाही. एकदा सूट दिली की उद्या सगळे येतील." मग तो गावाकडे बघून ओरडला, "आणि मी काय पाप केलंय? चोरी केली? खोटी साक्ष दिली? माझ्या जागेत कुंपण घातलं! तीन पावसाळे त्यांच्या येण्याजाण्याने बांध फुटला. तीन वेळा केळी वाहून गेली. तीन वेळा मी एकट्याने, कंबरभर पाण्यात उभं राहून बांध घातला. या वाटेने तुम्हीही जाता ना? तेव्हा कोण आलं होतं टोपली घेऊन?"

गाव खाली बघू लागलं. कारण तेही खरं होतं.

"कोणी नाही आलं, बाळा," फिलूमाय म्हणाली. "तोही दगड आमचाच. मी चुकले, तो मोजलाच नाही."

दुमिंगची भांडणाची तयारी होती. याची नव्हती.

फिलूमायने कळशी खाली ठेवली. "तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू वीस दिवसांचा होतास. तुला बोलता येत नव्हतं. फादरांनी विचारलं, वाईटाला नकार देतोस का? तुझ्या वतीने मी म्हटलं, देतो. तुझा जिम्मा घेतला मी देवापुढे. आणि तू हे काटे लावलेस तेव्हा मला बोलता येत होतं, तरी मी गप्प बसले. म्हटलं, मोठा झालाय, वाईट वाटेल त्याला. तुला वाईट वाटू नये म्हणून मी ती पोर चिखलात जाऊ दिली. तुझं मी काही भलं केलं नाही, दुमिंग. तेव्हाच येऊन तुझा कान धरायला हवा होता. आज आले. उशिरा आले, पण आले."

आणि खरंच तिने हात वर करून त्याचा कान धरला. पन्नाशीच्या, दांडग्या, चाळीस उंबऱ्यांना धाक असलेल्या माणसाचा कान. कुणाला हसू आलं नाही.

दुमिंगचे डोळे भरून आले. त्याने झापड उघडली, आणि मग, जणू तेवढं पुरेसं नव्हतं म्हणून, तो कुंपणाच्या काट्या हातांनीच उपसू लागला. कोयता आणायचंही त्याला सुचलं नाही. हात रक्ताळले.

फिलूमायने कळशी भरली. तिच्या हातून ती सुनेने घेतली, आणि दोघी खारजमिनीकडे चालू लागल्या. मागून आणखी बारा कळश्या निघाल्या.

सुकरी झोपडीत पडून होती. दाराशी एवढी माणसं बघून ती घाबरली. गावची माणसं तिच्या दाराशी कधी आलीच नव्हती. फिलूमायने तिच्या ओठांना वाटी लावली. ती थांबून थांबून पाणी प्यायली.

"कोन गं तू, माय?" तिने विचारलं.

"मी समोरच्या ओसरीवर बसते," फिलूमाय म्हणाली. "मला आधीच यायला हवं होतं. येता येत होतं, तरी आले नाही. माफ कर मला."

सुकरी तिच्याकडे बघत राहिली. "मना वाटायचं, त्या ओटीवर कोनतरी बसलेलं असतं," ती म्हणाली. "मी हात पन केला होता."

फिलूमाय त्या वाक्यावर रडली. तिला रडू द्या. ते रडणं वाया जाणार नव्हतं.

आता प्रश्न उरला बांधाचा. काटे गेले, पण पावसाळा येणार होता, बांध पुन्हा फुटणार होता, आणि दुमिंगचा राग पुन्हा खरा ठरणार होता. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेनंतर सगळे उंडीखाली बसले होते. नावाडी ढिगाकडे बघत म्हणाला, "बांध मातीचा आहे म्हणून फुटतो. दगडाचा केला तर?"

सगळ्यांच्या नजरा ढिगाकडे वळल्या.

पाटील दचकला. "अरे, ते पापाचे दगड! खापरपणजोबांपासूनचे! त्यांवरून चालायचं? त्यांवरून पाणी आणायचं?"

फादर हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "क्षमा झाल्यावर पाप उरत नाही, पाटील. नुसता दगड उरतो. आणि दगडाचा उपयोग असतो."

शनिवारी पहाटे काम सुरू झालं. त्या दिवसांत चर्चची घंटा वाजत नाही, त्यामुळे गावात फक्त दगडांचा आणि माणसांचा आवाज होता. चाळीस उंबरे आणि सात झोपड्या एका ओळीत उभ्या राहिल्या, आणि दगड हातोहात बागेपर्यंत गेले. भावाचं डोकं फोडणाऱ्याचा तो तळाचा धोंडा एकट्या कुणाला उचलेना, तेव्हा सुकरीचा नवरा आणि दुमिंग अशा दोघांनी तो उचलला. कुठे लावायचा यावरून त्यांचं थोडं वाजलंही. बारीक खडे सांधे भरायला कामी आले. म्हणजे तेही अगदीच फुकट गेले नाहीत. सगळ्यात शेवटी, पाण्याच्या काठाशी, भरलं भांडं टेकवायला वरवंटा आडवा बसवला.

"आता चटणी कायमची गेली," सून म्हणाली. पण हसत म्हणाली.

ईस्टरच्या सकाळी घंटा वाजली तेव्हा त्या वाटेवरून पहिली कळशी चालली होती. आणि तीन आठवड्यांनी, त्याच पाण्यात, सुईणीने सुकरीच्या मुलीला पहिली आंघोळ घातली. पोरगी एवढी किंचाळली, की म्हणे दुमिंगच्या बागेतले बगळे उडाले. दुमिंग पुढे सांगायचा, तिच्या आवाजाला घाबरून मी त्या वाटेवर पुन्हा कधी काटे लावले नाहीत. त्या वर्षीचा पाऊस तुफान झाला. बांध हलला नाही.

उंडीचं झाड पुढे पुष्कळ वर्षं होतं. त्याखाली नवा ढीग जमत गेला, पण तो फार उंच कधी झाला नाही. कुठे पायरी हवी असे, कुठे कुणाची भिंत पडलेली असे, आणि दगड तिकडे जात. उपवासकाळात गावकरी आता दोन्ही हातांत दगड घेऊन येत. उजव्या हातात केलेल्याचा, डाव्या हातात राहून गेलेल्याचा. डावा हात बहुतेकांचा जड असे. पाहुण्यांना ढीग दाखवायची पद्धत मात्र बंद पडली.

फिलूमाय आणखी नऊ वर्षं जगली. ती रोज ओसरीवर माळ घेऊन बसे. पण तिसऱ्या-चौथ्या टप्प्याला वाटेवरून हाक येई, "माय, पानी हाय का घरात?" आणि सुकरी मुलीला कडेवर घेऊन ओसरीवर टेके. मग गप्पा, मग पोरीचे लाड. माळ रोज अर्धीच राही. तिच्या त्या अर्ध्या माळा देवाने पूर्ण धरल्या असतील, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं लक्षात ठेवा: आपल्या हातून वाईट झालं नाही एवढ्याने हात स्वच्छ राहत नाहीत, जे चांगलं आपल्याला करता येत होतं आणि आपण केलं नाही, त्याचाही जाब आपल्याच माथी असतो.